सात दिवस हात लावायचा नाही

ठिपकीच्या गुडघ्याला वाटीच नाही, हे आधी आत्याच्या हाताला कळलं आणि मग डोक्याला.

पोरगी जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या सोडून उडी मारायला गेली आणि आपटली. वय पाच, पण अंगावर दोन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक, तोही खांद्यावरून घसरणारा. रडणं कमी, तक्रार जास्त. "पायरी हलली," ती ठणकावून म्हणाली. "मी बघितलं ना. पायरीच हलली." आत्यानं तिला मांडीवर घेतलं, गुडघा चोळायला सुरुवात केली आणि चोळता चोळता तिची बोटं थबकली. कातडीखाली जिथं टणक, जराशी सरकणारी चकती लागायला हवी, तिथं मऊ खळगा होता. तिनं दुसरा गुडघा चाचपला. मग स्वतःचा. मग पुन्हा ठिपकीचा.

"गुदगुल्या होतायत," ठिपकी म्हणाली.

आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करायची. सोळा वर्षं झाली होती. कुणाच्या कातडीच्या, कुणाच्या गर्भपाण्यातल्या पेशी चपट्या फ्लास्कमध्ये ठेवायच्या, त्यांना उबेत सांभाळायचं, खायला घालायचं आणि पुरेशा वाढल्या की पुढे तपासणीला द्यायच्या. डॉक्टरांची भाषणं ती मागच्या भिंतीला टेकून ऐकायची. त्यातलंच एक वाक्य आता नको तेव्हा आठवलं: बुटकी चण, बारीक कान, गुडघ्याला वाटी नाही, तिन्ही एकत्र दिसलं तर पेशींकडे बघा.

तिनं ठिपकीचे केस कानामागे सारले. त्या कानांची घरात कायम थट्टा व्हायची. "देव कान लावायला विसरला होता, जाता जाता चिकटवलेत," तिचा बाप, म्हणजे आत्याचा दादा, म्हणायचा आणि सगळे हसायचे. आत्याही हसायची.

दोन दिवस तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी ती लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली.

डॉक्टरबाईंनी फक्त विचारलं, "मुलीची आई पुन्हा गरोदर आहे ना?"

"तिसरा महिना," आत्या म्हणाली.

दादा, वहिनी, ठिपकी आणि आत्याची आई एकाच इमारतीत, आत्याच्या खालच्या मजल्यावर राहायचे. दादा वायरमन. वहिनी औषधाच्या दुकानात कामाला. ठिपकी जन्मली तेव्हा जेमतेम दीड किलोची होती आणि तेव्हापासून आईनं एक वाक्य धरून ठेवलं होतं: "पोटुशी असताना पाखरासारखं खायची. मग पोर कसं भरणार?" आलेल्या-गेलेल्यांसमोर, भाजी निवडताना, टीव्ही बघताना, कधीही. वहिनी उत्तर द्यायची नाही. या खेपेला मात्र ती ताट भरभरून वाढून घ्यायची आणि घास गिळवत नसला तरी संपवायची. आत्याच्या ते लक्षात यायचं, पण मध्ये पडायचं धाडस तिनंही कधी केलं नव्हतं.

ठिपकी, दादा, वहिनी, तिघांचं रक्त घेतलं. उत्तराला पाच आठवडे लागले. मग डॉक्टरबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. आत्यालाही बसवलं, पण आधीच सांगितलं, "आज तू नातेवाईक. लॅबवाली नाहीस."

डॉक्टरबाई हळू बोलत होत्या. माणूस एका पेशीपासून सुरू होतो. एकीच्या दोन, दोनांच्या चार. पण दोन होण्याआधी पेशीला आपला सगळा डीएनए पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. अख्खा, आणि फक्त एकदा.

"एका पेशीतला हा धागा सरळ ताणला तर तुमच्यापेक्षा उंच भरेल," त्या दादाला म्हणाल्या. "एकाच जागेपासून उतरवायला घेतला तर महिने जातील. म्हणून पेशी हजारो जागांवरून एकदम सुरुवात करते. सात-आठ तासांत काम उरकतं."

"इतक्या जागांवरून म्हणजे गोंधळच," दादा म्हणाला. "एखादा तुकडा दोनदा उतरला तर?"

"बरोबर विचारलंत. तसं होऊ नये म्हणून फार कडक शिस्त आहे. उतरवणं सुरू व्हायच्या आधी, पेशी निवांत असते तेव्हा, काही प्रथिनं त्या जागांवर जाऊन बसतात आणि तिथून सुरुवात करायचा परवाना देऊन ठेवतात. परवाना असेल तिथूनच काम सुरू होतं. आणि एकदा काम सुरू झालं की परवाने देणं बंद. देणारी प्रथिनं पेशी स्वतःच अडवते, काही तर मोडूनच टाकते. नवे परवाने मिळतात ते पेशीच्या दोन झाल्यावर."

"आमच्या मीटरच्या ऑफिसात असं काही असतं तर," दादा म्हणाला. कुणी हसलं नाही. तोही नाही.

"ठिपकीच्या पेशींत हा परवाना देणारं एक प्रथिन अधू आहे. काम करतं, पण रेंगाळत. परवाने कमी जागांना मिळतात. पेशी थांबून राहते, उशिरा सुरू करते. एकेका वेळचा उशीर थोडाच, पण पोटात बाळ घडत असताना सगळी घाईच असते. तिथं तो साठत जातो. शेवटी शरीरात पेशीच कमी भरतात. म्हणून ती लहान. डोकं तिचं छान चालतंय, ते तुम्हाला माहीतच आहे. गुडघ्यांकडे लक्ष ठेवू. पळू द्या तिला."

वहिनी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती म्हणाली, "मी नीट खाल्लं नाही म्हणून नाही?"

"नाही."

"पहिल्या तीन महिन्यांत मला पाणीसुद्धा टिकत नव्हतं."

"त्याचा काही संबंध नाही. तुम्हा दोघांकडून हे प्रथिन बनवणाऱ्या जीनची एकेक बिघडलेली प्रत तिला आली. तुमच्याजवळ प्रत्येकी दुसरी चांगली प्रत आहे, म्हणून तुम्हाला कधी कळलंच नाही. यात कुणाची चूक नाही."

"पाच वर्षं," वहिनी म्हणाली. एवढंच. मग तिनं पोटावर हात ठेवला. "आणि याचं?"

"ठिपकीसारखं असण्याची शक्यता चारांत एक," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला वहिनीनं अर्धंच ताट वाढून घेतलं. आई काहीतरी म्हणायला तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "आई, पुरे." आईनं विचारलं, "म्हणजे आपल्या घरातूनही आलंय ते?" दादानं मान हलवली. आई उठून आत गेली. ते पाखराचं वाक्य त्यानंतर कुणी ऐकलं नाही. माफीबिफी काही नाही, पण ते वाक्य संपलं.

गर्भपाणी तपासायचं ठरलं. दादाला तपासणी हवीच होती. वहिनी म्हणाली, "कळलं तर तयारी करता येईल. दुसरं काही मला विचारू नका." दुसरं म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. पण आत्याच्या मनात ते रुतून बसलं.

वहिनीला चार महिने पूर्ण झाले आणि तिच्या पोटातलं चमचा-दोन चमचे पाणी सुईनं काढलं. त्यात पेशी मोजक्याच असतात. नीट खात्री करण्याइतका डीएनए हवा तर त्या वाढवाव्या लागतात. नेहमीच्या रिवाजानुसार नमुन्याचे दोन फ्लास्क करायचे, दोन वेगळ्या खोल्यांतल्या वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवायचे, म्हणजे एक बिघडला तर दुसरा असतो.

"दोन्ही काकांना करू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. काका म्हणजे लॅबमधले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले.

"एक मला द्या," आत्या म्हणाली. "माझ्या हातचा नमुना आजवर वाया गेला नाही. घरी नुसतं बसणं मला जमणार नाही, डॉक्टर."

"एक तू, एक काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि नियम तो नियम."

नियम नवीन मुलींना आत्याच शिकवायची: सात दिवस हात लावायचा नाही. पाण्यात तरंगणाऱ्या पेशी हळूहळू खाली बसतात, तळाला चिकटतात, मगच वाढीला लागतात. दार उघडलं की ऊब जाते. फ्लास्क हलला की अर्धवट चिकटलेल्या पेशी सुटतात. "मूल झोपतंय का बघायला दर पाच मिनिटांनी दिवा लावाल तर ते झोपेल का?" असं ती मुलींना विचारायची.

दुसऱ्याच दिवशी तिनं दार उघडलं. फक्त तापमान बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी फ्लास्क बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गोल गोल ठिपके, सगळे तरंगते. एकही चिकटलेला नाही. तिसऱ्या दिवशी असंच असतं, हे तिला पाठ होतं. तरी तिनं पुन्हा एकदा काचेतून बघितलं.

एरवी पेशी म्हणजे तिला रोजची कामं होती. आत काय चालतं याचा विचार कोण करतो? आता दुसरा विचारच येईना. एकेका ठिपक्याकडे बघताना तिला वाटायचं, आत धागा वाट बघत पडलाय, जागा रिकाम्या आहेत, परवाना येत नाही. चौथ्या दिवशी तिनं दोनदा बघितलं. पाचव्या दिवशी तीनदा. प्रत्येक वेळी आधी कॉरिडॉरमध्ये कुणी नाही ना, याची खात्री करून.

"तुमच्या फ्लास्कात काय दिसतंय?" पाचव्या दिवशी चहाच्या वेळी तिनं काकांना विचारलं.

"मला कसं कळणार? मी उघडलंय कुठे?" काका म्हणाले. "पेशी लाजतात गं. सारखं टक लावून बघितलं तर कोण वाढेल? आठव्या दिवशी बघेन."

सहाव्या दिवशी तळाला तीन पेशी चिकटलेल्या दिसल्या. तीन. एव्हाना तिथं लहान लहान पुंजके दिसायला हवेत. आत्यानं फ्लास्क फिरवून फिरवून प्रत्येक कोपरा पाहिला. तीनच. ती खुर्चीत बसली आणि तिच्या मनानं निकाल लावून टाकला: बाळ ठिपकीसारखं आहे. तिचा जीव ठिपकीवर होता; ठिपकीसारखं असण्यात वाईट काय, हे ती कुणालाही ठासून सांगू शकली असती. तरी तिनं फ्लास्क पुन्हा एकदा काचेखाली धरला. वहिनीचं ते "दुसरं काही विचारू नका" कानात घुमायला लागलं.

संध्याकाळी ती खाली गेली तेव्हा वहिनी पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आत्या मदतीला बसली. हातात ठिपकीचा मोजा आला, अंगठ्यात घालता येईल एवढा. आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. डोकं ठणकतंय सकाळपासून."

वहिनीनं उठून तिला पाण्याचा पेला आणि डोकेदुखीची गोळी आणून दिली. पुढे एक शब्द बोलली नाही. औषधाच्या दुकानात बारा वर्षं काढलेली बाई ती. रिपोर्ट हातात घेऊन पायरी चढणाऱ्या माणसाचा चेहरा तिला चिठ्ठी उघडण्याआधी वाचता येत असे. आत्याला हे माहीत होतं. त्या वेळी मात्र सुचलं नाही.

आठव्या दिवशी काकांनी हाक मारली. "ये, बघ."

त्यांच्या फ्लास्कात पुंजकेच पुंजके होते. लांबट, निमुळत्या पेशी एकमेकींना खेटून पसरलेल्या, मधूनमधून दोन होण्याच्या बेतात गोल झालेल्या. अगदी आठव्या दिवशी दिसाव्यात तशा. आत्यानं काचेतून बघितलं, डोळा काढला, पुन्हा लावला.

"हे त्याच नमुन्याचे?"

"मग काय माझ्या घरून आणले?" काका म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. आवाज खाली आणून विचारलं, "किती वेळा दार उघडलंस?"

तिनं बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

ती सरळ डॉक्टरबाईंकडे गेली आणि खरं ते सांगून टाकलं. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "पेशी वाढत नव्हत्या कारण तू त्यांना बसू दिलं नाहीस," त्या म्हणाल्या. "काकांचा फ्लास्क नसता तर तुझ्या वहिनीच्या पोटात पुन्हा सुई घालावी लागली असती. कळतंय?" आणि पुढे, "दुसरी गोष्ट. फ्लास्कातल्या वाढीवरून हा आजार ओळखता येत नाही. ना या बाजूनं, ना त्या. जीन वाचल्याशिवाय मलाही काही माहीत नाही, तुलाही नाही. घरी काही बोललीस?"

"एक अक्षर नाही," आत्या म्हणाली. आणि तिला ते खरंच वाटत होतं.

पुढचे दहा दिवस ती मुकाट्यानं इतरांचे नमुने करत राहिली. काळजी कमी झाली नव्हती, फक्त तिला बघायला जागा उरली नव्हती. घरी मात्र काहीतरी वेगळंच सुरू होतं. वहिनीनं माळ्यावरची पेटी काढून ठिपकीचे तान्हेपणीचे कपडे धुऊन वाळत घातले. न्हाणीघरातल्या खुंट्या खाली आणून घेतल्या. दादाकडून तिन्ही खोल्यांतली बटणं गुडघ्याच्या वर वीतभर उंचीवर बसवून घेतली. दादा भिंत फोडताना म्हणाला, "ठिपकी स्टूल घेते की. एवढं काय अडलंय?" वहिनी म्हणाली, "स्टूल एकच आहे." ठिपकी दिवसभर दिवे लावत आणि विझवत हिंडली. आत्याला वाटलं, बरंय, वहिनी कशात तरी गुंतलीये.

निकाल आला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी पुन्हा तिघांना बसवलं. "बाळाकडे एकच बिघडलेली प्रत आहे, वडिलांकडची," त्या म्हणाल्या. "दुसरी चांगली आहे. म्हणजे बाळ तुमच्यासारखंच. या आजाराची भीती नाही."

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. आत्याचा श्वास इतका मोठ्यानं सुटला की तिलाच लाज वाटली.

वहिनी आत्याकडे वळली. "मग त्या दिवशी तू का रडलीस?"

आत्याला आधी कळेना. मग कळलं. तिनं चाचरत सगळं सांगितलं: तीन पेशी, दार, काकांचा फ्लास्क.

"मला विचारायचंस तरी, वहिनी."

"काय विचारायचं? तू लॅबमधून आलीस. पोराचा मोजा हातात घेऊन रडलीस. मला रिपोर्ट मिळाला." वहिनीचा आवाज चढला नव्हता. "बारा दिवस. पहिले दोन दिवस मी काय काय मनात आणलं, ते मी कुणाला सांगणार नाही, मरेपर्यंत. तिसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, येऊ दे. दोघी असतील, नाहीतर बहीण-भाऊ असतील, एकमेकांना धरून राहतील. तेव्हापासून मी त्या बाळाची आई होते. त्याचा चेहरासुद्धा मी ठरवला होता. आता तुम्ही म्हणताय, ते बाळ नाहीच. आणि मला आनंद झालाय. आणि मला त्या आनंदाची घाण वाटतेय, कारण घरी ती एक दिवे लावत बसलीये."

डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. वहिनीनं तो घेतला नाही.

त्यानंतर वहिनी आत्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, टोमणे नाहीत. फक्त तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. आत्या वरच जेवायला लागली. दादा दोनदा वर येऊन गेला, "होईल ठीक" म्हणून गेला. आई एकदा आली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "मी पाच वर्षं बोलले, तिनं ऐकून घेतलं. तू एकदा रडलीस आणि ती बोलायची बंद झाली. तू तिला जवळची होतीस, म्हणून." मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि निघून गेली. आईच्या तोंडून असं काही आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या सकाळी, दारावर थाप पडली. वहिनी उभी होती, पोट सावरत, दम लागलेली. तिच्या मागे ठिपकी.

"हिला कुणीतरी शाळेत विचारलंय, तू मोठी का होत नाहीस म्हणून," वहिनी म्हणाली. "रात्रीपासून माझं डोकं खातेय. मला तो परवाना आणि ती जागा नीट सांगता येत नाही. तू सांग. खरं तेच सांग."

ती आत आली आणि खिडकीपाशी बसली.

आत्यानं ठिपकीला समोर बसवलं आणि सांगितलं. शरीर कशाचं असतं, एकीच्या दोन कशा होतात, आधी आतला धागा उतरवून घ्यावा लागतो, कुठून सुरू करायचं ते कोण ठरवतं आणि तिच्यात त्याला का वेळ लागतो. मधे मधे ती अडखळली. वहिनी खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकत होती.

"म्हणजे माझ्या पेशी आळशी आहेत," ठिपकी म्हणाली.

"आळशी नाहीत. त्यांना सुरू व्हायला उशीर होतो. एकदा सुरू झाल्या की सगळं नीट करतात."

"बाळाच्या?"

आत्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं होकारार्थी मान हलवली.

"बाळाच्या लवकर सुरू होतात. ते तुझ्यापेक्षा उंच होईल. बहुतेक तू शाळेत तिसरीत जाशील तोवर."

ठिपकीच्या कपाळाला बारीक आठी पडली. "पण ताई मीच," ती शेवटी म्हणाली.

"ताई तूच," वहिनी म्हणाली. मग ती आत्याकडे न बघता म्हणाली, "चहा टाक. साखर कमी."

आत्या उठली. तिनं भांडं धुतलं, चहाचं पाणी ठेवलं आणि मागे वळून बघितलं नाही. बाहेर त्या दोघी, बाळ तिसरीत येईल तेव्हा ठिपकी कितवीत असेल, याचा हिशेब करत होत्या आणि दोघींचं उत्तर वेगवेगळं येत होतं.